सिमेंटच्या पत्र्याचा भुसा

ज्यानं कुणी या पत्र्याला ‘सिमेंटचा पत्रा’ हे नाव दिलं, तो मला कधी भेटला तर चार खडे बोल सुनावल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही. सिमेंट म्हटलं की आपल्याला वाटतं, घर बांधायची साधी पूड, पाणी घातलं की दगड होणारी. त्या पत्र्यात सिमेंट असतंच, ते खोटं नाही. पण त्या सिमेंटला आतून धरून ठेवणारे केसासारखे तंतू असतात, त्यांचं नाव ॲस्बेस्टॉस. हे नाव आमच्या वाडीत तीस वर्षांत कुणाच्याही तोंडी आलं नव्हतं. सगळे म्हणायचे, सिमीटचा पत्रा. आणि सिमेंट काय, चांगलंच असतं.

बहिरूनाना हे त्या पत्र्यांचे कारागीर. मी अपेक्षा, मूळची परभणीची. २००५ साली पिरंगुटच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरीला लागले. नवरा शैलेश हिंजवडीला, कंपनीच्या गाडीनं जाणार-येणार. दोघांनाही सोयीचं पडेल असं बघत बघत आम्ही लवळ्याच्या डोंगराखालच्या एका वाडीत नानांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी नानांनी मला विचारलं, “सुरक्षा म्हंजी? तुमी दारावर बसता व्हय?” मी म्हटलं, नाही, कामगारांना इजा होऊ नये म्हणून मी त्यांना शिकवते. नाना म्हणाले, “मंग बरं हाय. आमाला बी शिकवा कायतरी.” मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

पूर्वी वाडीत सगळी कौलं. दर वैशाखात ती परतायची, फुटकी बदलायची, आणि परतून खाली उतरत नाही तोवर वानरांची टोळी यायची आणि निम्म्या कौलांचा चुरा करून जायची. मुळशीचा पाऊस तर काय, फुटक्या कौलाला माफी नाही. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास नाना एका ठेकेदाराकडे पत्रे बसवायला शिकले आणि वाडीत पहिला सिमेंटचा पत्रा त्यांनी स्वतःच्याच घरावर चढवला. वानरं आली, नाचली, पत्र्याला काही झालं नाही. मग घराघरातून बोलावणी आली. “पत्र्याला ठोकायचं नसतं, समजवायचं असतं,” असं नाना म्हणत. गिरमिटानं भोक पाडताना ते पत्र्याशी बोलत असल्यासारखे पुटपुटत, आणि करवतीनं कापलेली त्यांची कड इतकी सरळ की सुतारानं मान खाली घालावी. दिवसभर कापून संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. बायका थट्टेनं म्हणायच्या, नाना आज परत म्हातारे झाले.

त्यांची बायको रंभाबाई. सगळी वाडी त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही. आक्कांची जमीन बघायला बायका वाट वाकडी करून यायच्या. मातीचीच जमीन, शेणानं सारवलेली, पण करड्या रंगाची, हात फिरवला तर ताटासारखी गुळगुळीत. उन्हाळ्यात वाडीतल्या साऱ्या जमिनींना भेगा पडायच्या, आक्कांच्या जमिनीला नाही. मुंग्या नाहीत, पोपडे नाहीत. मी भाड्यानं राहायला आले तेव्हा चटई अंथरायला लागले, तर आक्का म्हणाल्या, “चटई कशाला गं? माज्या जमिनीवर तशीच नीज. पाठ दुखायची ऱ्हाईल.” आणि खरंच राहिली.

त्या जमिनीचं गुपित म्हणजे पत्र्याचा भुसा. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आक्का नानांना म्हणाल्या होत्या, की सगळ्यांच्या डोक्यावर सिमीट घालता, माझ्या पायाखाली कधी घालणार? फरशीची ऐपत नव्हती. नानांनी डोकं लढवलं. करवतीखाली जो भुसा पडतो तो तरी सिमेंटच की. मालक तो झाडून उकिरड्यावर टाकतात. नाना तो पोत्यात भरून घरी आणायला लागले. आक्का तो जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळायच्या, अगदी वस्त्रगाळ, आणि शेणात, पांढऱ्या मातीत कालवून सारवायच्या. दर आठवड्याला वरून शेणाचा हात, आणि सणाआधी जुना थर खरवडून नवा. नानांनी आयुष्यात बायकोला दुसरं काही हौसेनं आणून दिलं असेल असं मला वाटत नाही. माळ नाही, पैठणी नाही. तीस वर्षं दर कामावरून भुसा. आणि आक्का त्यावर खूश होत्या, अगदी मनापासून. मागायला आलेल्या बाईला त्या वाटीभर द्यायच्या, कसं कालवायचं ते स्वतः जाऊन दाखवायच्या.

मी सगळं पाहिलं होतं. दोन वर्षं त्या छताखाली, त्या जमिनीवर झोपत होते. माझ्या पदविकेच्या पुस्तकात ॲस्बेस्टॉसवर सात ओळी होत्या, त्या मला पाठ होत्या, आणि मी रोज कारखान्यात जाऊन आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या मोजत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

२००७ च्या पावसाळ्यात आक्कांना धाप लागायला लागली. विहिरीवरून येताना दोनदा बसायच्या. एका डॉक्टरांनी क्षय धरून गोळ्या दिल्या. छातीत पाणी झालं, ते काढलं, पुन्हा झालं. “वय झालं, दुसरं काय,” म्हणायच्या. वय होतं पंचावन्न.

त्याच नोव्हेंबरात आमच्या कारखान्यानं जुन्या शेडचे पत्रे काढायला घेतले. कुणा परदेशी गिऱ्हाइकाची अट होती, नाहीतर आमच्या साहेबांना कसली घाई? पत्रे न फोडता उतरवणारा माणूस हवा होता, आणि मी मोठ्या दिमाखात नानांचं नाव सुचवलं. पुण्याहून दिग्विजय नावाचा एक तरुण शिकवायला आला. तोंडाला गमछा चालणार नाही, गाळणीचा मास्कच पाहिजे. पत्रा आधी साबणाच्या पाण्यानं भिजवायचा. गंजलेले हूक हातोडीनं ठोकायचे नाहीत, कटरनं कापायचे. पत्रा अख्खा खाली घ्यायचा, टाकायचा नाही, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. नाना मागे उभे राहून गालात हसत होते. ते म्हणाले, “साहेब, ह्यो सिमीटचा पत्रा हाय. बाँब न्हाई.”

दिग्विजय चिडला नाही. त्यानं पत्र्याचा एक जुना फुटका कोपरा ओला करून नानांच्या हातात दिला आणि वर भिंग धरलं. फुटलेल्या कडेतून पांढरट केस बाहेर आले होते.

“ह्ये तं केस हायेत,” नाना म्हणाले.

“दगडाचे केस आहेत, नाना. एकाचे चिरून शंभर होतात, डोळ्याला दिसत नाहीत. छातीत गेले की परत येत नाहीत. तीस-चाळीस वर्षांनी दुखणं वर येतं.”

“मी तीस वरीस कापतुया. मला काय झालंय?”

“सगळ्यांना होत नाही. कधी कापणाऱ्याला काही होत नाही आणि त्याचे कपडे झटकणाऱ्या बायकोला होतं.”

नानांचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, “आन भुसा? त्यो जमिनीत घातला तर? शेनात कालवून?”

दिग्विजयनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “असं कोण कशाला करेल?” तो म्हणाला.

त्या दिवशी नानांना मी स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, “आपेक्षा, तुला ठावं व्हतं का?” मी नाही म्हटलं. ते खरं होतं आणि खोटंही होतं.

डिसेंबरात आक्कांना पुण्याच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवलं. बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता का?” आक्का म्हणाल्या, “म्या? मी कशाला कारखान्यात जातीय? चूल आन जमीन, एवडंच माजं.” नाना उठून बाहेर गेले. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे, सहा महिने, फार तर वर्ष, हे मला आणि नानांना बाहेर सांगण्यात आलं. कशामुळे होतो तेही सांगितलं. नानांनी ते ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, “ती घरी याच्या आदी समदं काडायचं. तुजा त्यो साहेब सांगत व्हता तसं.”

काढलं. मी रजा टाकली, कारखान्यातून मास्क आणि प्लॅस्टिक आणलं. आधी छत. नानांनी भातावर औषध मारायचा फवारणी पंप धुऊन त्यात साबणाचं पाणी भरलं. पत्र्यांवर फळ्या टाकून, त्यांवरूनच सरकत, एकेक हूक कापत त्यांनी बेचाळीस पत्रे खाली उतरवले. एकाचाही टवका निघाला नाही. तीस वर्षांपूर्वी ज्या हातांनी चढवले होते त्याच हातांनी. मग जमीन. ती दोन दिवस पाणी घालून भिजवली, आणि ओली असतानाच फावड्यानं वीतभर खोल उकरली. थरावर थर निघत होते. एकेक थर म्हणजे एकेक सण. नाना खाली मान घालून उकरत होते, मास्कच्या आत रडत होते, आणि मास्क ओला झाला की तो बदलावा लागतो म्हणून मी त्यांना ओरडत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. पोती दुहेरी बांधून कारखान्याच्या घातक कचऱ्याच्या गाडीत घातली. ते नियमात बसत नव्हतं, मी बसवलं. वर रंगीत लोखंडी पत्रे आले, खाली शहाबादी फरशी.

आक्का जीपमधून उतरल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“माजी जमीन कुटं गेली?”

नाना म्हणाले, “डोंगरावर कालेज झालंय. पोरं खोल्या मागत्यात. त्यास्नी फरशी लागती.”

आक्कांनी दाराची चौकट धरली. “आवं, मी दवाखान्यात हुते. मला इचारलं बी न्हाई? माजी वाट तरी बगायची हुती. मी मेल्यावर काडायची हुती.”

आक्का आत आल्या, फरशीवर पाय ठेवला आणि थंड लागला म्हणून उचलला. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी अबोला धरला. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. “आपेक्षा, ह्यास्नी सांग, ताट ठिवलंय,” असं मला मध्ये घालून.

मी नानांना म्हटलं, आक्कांना खरं सांगा. त्या तुम्हाला काय समजतायत बघा. नाना गोठ्यात बसले होते. म्हणाले, “समजू दे. तिला कळलं तर ती मला काय बी म्हननार न्हाई, मला ठावं हाय. पर ती सोताच्या हाताकडं बगंल. तिनं गोजराबायला शिकवलंय. कुनाकुनाला शिकवलंय. ते डोस्क्यात घिऊन जाऊ दे व्हय तिला? ती हाय तवर तू बोलायचं न्हाई. माजी आन हाय तुला.” मी शपथ घेतली. मला वाटलं, किती मोठं मन आहे या माणसाचं. मीही एका मरणाऱ्या बाईचं मन मोडायला घाबरत होते, ते मात्र मी स्वतःला सांगितलं नाही.

गोजराबाई म्हणजे शेजारची, भिंतीला भिंत. तिच्या घरात दहा महिन्यांची नात होती, जुईली, नुकती रांगायला लागलेली. नाना एक दिवस तिच्याकडे गेले आणि म्हणाले, मी तुलाही फुकट फरशी बसवून देतो, माझी उरलीय. गोजराबाईनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. “नाना, आक्काचं घर मोडलंत ते बास झालं. माज्या जमिनीला हात लावायचा न्हाई.” आक्कांनी तिच्याकडून वचनच घेतलं होतं. माझी गेली, तुझी तू ठेव.

आणि मग आक्का रोज गोजराबाईकडे जायला लागल्या. स्वतःच्या फरशीवर त्यांचा जीव रमेना. तिकडे जाऊन जमिनीवर बसायच्या, धाप लागली की भिंतीला टेकायच्या, जरा बरं वाटलं की केरसुणी हातात घेऊन लोटायच्या. सुनेला कालवायचं प्रमाण शिकवायच्या. जुईली त्यांच्या मांडीवरून उतरून त्या जमिनीवर रांगायची, तळवे चाटायची. जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. मी गोजराबाईला एकदा म्हटलं, कोरडं लोटू नका, पाणी शिंपडून लोटा. “का गं?” “धुळीनं आक्कांना खोकला येतो.” दोन दिवस शिंपडलं, तिसऱ्या दिवशी विसरली. कारखान्यात एखादा कामगार हेल्मेट विसरला तर मी त्याला अर्धा तास बोलते. इथं मी दोन वाक्यं बोलून गप्प बसले. शपथ घातली होती ना.

पाडव्याच्या आदल्या रविवारी नाना आणि मी अंगणात होतो. शेजारून खरखर ऐकू आली. सणाआधी जुना थर खरवडतात तसा आवाज. नाना धावत गेले, मी मागून. गोजराबाई आणि तिची सून खुरप्यांनी कोरडी जमीन खरवडत होत्या. दारातून आलेल्या उन्हात सगळी धूळ चमकत होती. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर लुगड्याचं फडकं. गोजराबाईकडे डब्यात उरलेला भुसा त्या चाळत होत्या. जुईली पुढ्यात बसून त्या राखाडी ढिगाऱ्यावर दोन्ही हात आपटत होती आणि हसत होती.

नानांनी पोरीला उचलून माझ्याकडे दिलं. मग ते आक्कांच्या समोर बसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले. “रंभे, ते खाली ठिव. हळूच. त्यानंच तुला झालंय.”

सगळं सांगितलं. केस, भिंग, डॉक्टरीणबाई, खोटी भाडेकरू पोरं. खुरपी थांबली होती. गोजराबाई आधी नानांकडे, मग माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं माझ्या हातातून नात ओढून घेतली. मला वाटलं, आक्का कोसळतील. त्यांनी मांडीवरचं फडकं हळूच खाली ठेवलं. मग विचारलं, “कवा कळलं तुमास्नी?”

“कार्तिकात.”

“आन आता फागून सरला.” दम घेऊन म्हणाल्या, “मी हितं रोज लोटत हुते.”

नाना म्हणाले, “तुला वाईट वाटंल म्हून.”

“मला?” आक्का म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी बोटांवर मोजत नावं घ्यायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला कळलं की आम्ही काय केलं होतं. कुणाकुणाला भुसा गेलाय हे नानांना ठाऊकच नव्हतं. ते आणून टाकायचे, वाटायच्या त्या आक्का. ही माहिती वाडीत एकाच माणसाकडे होती, आणि त्याच माणसापासून आम्ही गोष्ट लपवली होती. “गोजरा. खालच्या आळीची गंगूबाय. नरहरी सुताराच्या दोगी सुना. जयसिंगाच्या आयनं दोनदा नेला. वरच्या अंगाला दोन घरं.” त्या थांबल्या. “आन बालवाडीची खोली. पोरं बसत्यात, गार लागू ने म्हून मीच दिवाळीत करून दिली.”

बालवाडीत तेव्हा एकोणीस मुलं होती. रोज दुपारी ताई खोली झाडायच्या, कोरडी.

पुढचे दोन महिने मी आक्कांना जसं पाहिलं तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. धड चार पावलं चालता येत नव्हतं. नाना त्यांना खुर्चीसकट उचलून एकेका घरासमोर नेऊन ठेवत. बाया आधी ऐकायच्या नाहीत. “आक्का, तुमीच तर शिकवलं.” आक्का म्हणायच्या, “व्हय, मीच शिकवलं. मीच मोडतीय. पानी वता.” एका बाईनं तोंडावर विचारलं, आमच्या पोरांना काही झालं तर? आक्कांनी मान खाली घातली नाही. “मला शिव्या दे. पर आदी पानी वत.” ओलं करून, उकरून, पोती बांधून नाना बाहेर काढत आणि आक्का बाहेर बसून बारीक नजरेनं कोपरे दाखवत, तिथं राहिलं, चुलीमागं बघा. पहिल्यांदा बालवाडी केली. मी मास्क, प्लॅस्टिक आणि गाड्या पुरवत होते. साहेबांनी मला लेखी समज दिली, ती मी अजून जपून ठेवली आहे. त्या वाडीत तेवढं एकच काम मी नीट केलं.

ज्येष्ठात आठवं घर झालं आणि आक्का अंथरुणाला खिळल्या. शेवटी माणसाला खाटेवरून काढून सारवलेल्या भुईवर घेतात. वाडीतल्या बायकांनी दबक्या आवाजात नानांना विचारलं, बाहेरून चांगली माती आणून पट्टाभर सारवू का? आक्कांनी ऐकलं. म्हणाल्या, “फरशीवरच घ्या. पुसून तरी घेता येती.”

नाना उशाशी बसून होते. सहा महिन्यांत हा माणूस अर्धा झाला होता. अबोला कधीच संपला होता, आक्का त्यांच्या हातून पेजही घेत होत्या. पण नानांना काहीतरी हवं होतं आणि ते मागता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, “रंभे, एकदा म्हन. माफ केलं म्हन.”

आक्कांना बोलायला वेळ लागला. एकेका शब्दासाठी श्वास जमवावा लागत होता.

“भुश्याचं काय माफ करायचं? तुमी सिमीट म्हून आनलं. मला आवडलं. त्याचं मनात न्हाई.” मग थांबून म्हणाल्या, “पर ते म्हयनं. कार्तिक ते फागून. पोरं बसत हुती तितं. ते मला माफ करता येत न्हाई. माजं असतं तर केलं असतं.”

नानांनी मान हलवली. त्यांना बहुतेक तेच उत्तर येणार हे माहीत होतं.

मी पायथ्याशी बसले होते, आक्कांचे तळवे चोळत. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. मला राग चालला असता.

“ह्यो अडानी मानूस,” त्या म्हणाल्या. “पर पोरी, तुला तर ह्येच शिकवलं हुतं न्हवं?”

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, आक्का गेल्या.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आम्ही आता बावधनला राहतो. नाना मुठा गावापर्यंत कुठं जुनं छत उतरवायचं असलं की पंप पाठीवर टाकून जातात आणि आधी घरातल्या बायकांना विचारतात, भुसा कुणी जमिनीत घातलाय का. गोजराबाई त्यांच्याशी बोलते, माझ्याशी नाही. मी सणासुदीला वाडीत जाते. जुईली आता धावते, बडबडते, गेल्या वर्षी तिला साधा सर्दी-खोकला झाला तेव्हा गोजराबाईनं तिला तीन डॉक्टरांना दाखवलं. सगळे म्हणाले, काही नाही. आज काही दिसणारच नाही, हे मला माहीत आहे. दिसलं तर ती चाळिशीला आल्यावर दिसेल, आणि तेव्हा तिला हे सांगायला आमच्यातलं कुणी असेल की नाही कोण जाणे. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. जुईली, तू दहा महिन्यांची होतीस, आणि मला ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही.